त्रेपन्न हजर आहे का?

सर वर्गात आले की हजेरीपुस्तक नंतर, आधी टेबलावर कुलूप ठेवायचे. कधी पितळेचं भारी, कधी गंजून लाल झालेलं, कधी कुणाच्या ट्रंकेचं बोटभर. ते ठेवलं की कमरेचा चाव्यांचा जुडगा काढायचे आणि पहिल्या बाकावरच्याला म्हणायचे, "उघडा." तो बिचारा एकेक चावी लावून बघायचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सर खिडकीबाहेर बघत उभे. शेवटी एखादी चावी लागली, कट्ट आवाज झाला, की वळून विचारायचे, "चावी आत गेली का?"

"हो सर."

"समजा हे कपाटाचं कुलूप. कपाटाच्या आत गेली का, ते विचारतोय."

"नाही सर. कुलपातच आहे."

"मग आतल्या मालाला कसं कळलं, की दार उघडलं?"

पेशींमधलं संदेशवहन हा धडा आमच्या सरांनी असा सुरू केला, आणि तो तीन वर्षं संपला नाही.

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. आम्ही पोरंपोरी आजूबाजूच्या धानाच्या खेड्यांतून यायचो. सर मात्र चंद्रपूरचे. तिथे जुन्या परकोटाच्या भिंतीआत त्यांच्या अब्बांचं कुलपं दुरुस्तीचं दुकान होतं. "अब्बांनी आयुष्यभर कुलपं उघडली," सर म्हणायचे, "मी फक्त ती का उघडतात ते सांगतो. त्यांच्या कामाचा लोकांना उपयोग तरी होता."

उंच, हडकुळे, बारा महिने तपकिरी सफारीत. तसल्या सफारी त्यांच्याकडे तीन होत्या असं देवरावभाऊ सांगायचे, पण तिन्ही सारख्याच झिजलेल्या असल्यामुळे आम्ही कधी त्यावर विश्वास ठेवला नाही. देवरावभाऊ म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. बेडूक आणण्यापासून बरण्या पुसण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. सर आणि भाऊ यांचं नातं जुन्या नवराबायकोसारखं होतं: दिवसभर एकमेकांवर कुरकुर, आणि एक दिवस दुसरा आला नाही तर पहिल्याला जेवण जात नसे.

सरांना हाडांचं वेड होतं. पेशी शिकवायच्या तर त्या हाडाच्याच. का, असं विचारलं तर म्हणायचे, "मांस गप्पा मारतं, हाड कबुली देतं." याचा अर्थ मला अजून नीट कळलेला नाही. परदेशातल्या शास्त्रज्ञांना ते पोस्टकार्डं पाठवायचे, तुमचा अमुक लेख वाचायला पाठवा म्हणून. सहा-सहा महिन्यांनी एखादा जाड लिफाफा यायचा आणि त्या दिवशी सर आम्हा सगळ्यांना चहा पाजायचे. एकदा एका शास्त्रज्ञाने लेखाऐवजी नाताळचं भेटकार्ड पाठवलं. सरांनी तेही भिंगाखाली धरून पूर्ण वाचलं आणि फायलीला लावलं.

पण नाकेदाराची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून निघालं.

पहिल्या वर्षी आमची सहल गडचिरोलीच्या बाजूला गेली होती. परत येताना सरांनी एका गावाबाहेर पडलेली मेलेल्या बैलाची हाडं मागून घेतली, गोणपाटात भरली आणि गोणपाट एसटीत स्वतःच्या पायाशी ठेवलं. वास असा, की आमच्या मागच्या दोन रांगा आपोआप रिकाम्या झाल्या. जंगलखात्याच्या नाक्यावर गाडी थांबली. नाकेदार आत चढला. आमच्याकडे वनरक्षकाला नाकेदारच म्हणतात. त्याने नाक मुरडलं आणि काठीने गोणपाट ढोसलं.

"काय हाय यात?"

"हाडं," सर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना येतच नव्हतं.

"कायची?"

"बघा तुम्हीच. आधी बघा, मग नाव ठेवा."

नाकेदाराने लांबलचक मांडीचं हाड बाहेर काढलं आणि त्याचा चेहरा पडला. "वाघाचं त नाई ना बे हे?"

झालं. सर उठून उभे राहिले. वाघाचं हाड आणि बैलाचं हाड यातला फरक त्यांनी नाकेदाराला, कंडक्टरला आणि पन्नास-साठ प्रवाशांना पाऊण तास समजावून सांगितला. एक म्हातारी कोंबड्या घेऊन बसली होती. तिने मध्येच एक प्रश्नही विचारला. नाकेदाराने सगळी हाडं बाहेर काढली, पुन्हा बघितली, वहीत लिहिली, आणि मग घाम पुसत म्हणाला, "न्या बाप्पा. समदी न्या. पण आता बसा खाली."

आम्हाला वाटलं सर चिडले असतील. ते ब्रह्मपुरी येईपर्यंत खूश होते. "काय माणूस आहे!" सारखं म्हणत होते. "गाडी थांबवली. पोतं उघडलं. खात्री होईपर्यंत सोडलं नाही. प्रत्येक पेशीत असा एक असतो. त्याचं नाव आहे पी त्रेपन्न."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी ते समजावलं. पेशी दुभंगते तेव्हा आतल्या डीएनएची नक्कल होते. नकलेत चूक होतेच. हा त्रेपन्न चूक दिसली की गाडी थांबवतो. दुरुस्त होत असेल तर दुरुस्त करू देतो, नसेल होत तर पेशीला मरायला लावतो. आणि तोच नसला तर?

"तर बाहेरून येतो वाढीचा निरोप," सर म्हणाले. "आपल्याकडे निरोप कसा जातो? गडचिरोलीचा माणूस कंडक्टरला सांगतो, कंडक्टर आरमोरीच्या पानठेल्यावर सांगतो, पानठेलेवाला दूधवाल्याला. पेशीत तसंच. एक रेणू दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, असं आतपर्यंत. साधी पेशी निरोप आला तरच वाढते. बिघडलेली पेशी स्वतःच स्वतःला चिठ्ठी लिहिते, 'वाढ'. स्वतःच वाचते. आणि अडवायला नाक्यावर कोणी नसतं."

मग त्यांनी हजेरीपुस्तक उघडलं. "आपल्या वर्गात त्रेपन्न कोण?"

मी उभी राहिले. माझा रोल नंबर त्रेपन्न होता. यात माझा काहीच गुन्हा नव्हता, पण त्या दिवसापासून माझी तीन वर्षं नासली. रोज पहिला प्रश्न, "त्रेपन्न हजर आहे का?" मी हजर असले की शिकवायला सुरुवात. प्रत्येक पेशीत या नाकेदाराच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून सरांनी चोपन्न नंबरच्या गजाननला माझा जोडीदार नेमलं. गजानन म्हणजे वर्गातला सर्वांत झोपाळू मुलगा. सर म्हणाले, "एक प्रत बिघडली तरी दुसरी निभावून नेते. दोन्ही गेल्या, की संपलं."

वर्गाने याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. दोघंही गैरहजर राहिले तर तास होणार नाही! टिळक चौकात नवीन सिनेमा लागला त्या दिवशी सगळ्या वर्गाने हात जोडून आम्हा दोघांना घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी कळलं ते असं: सर आले, त्रेपन्न नाही, चोपन्न नाही. ते म्हणाले, "आता वर्गावर नियंत्रण नाही. वाढा." आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. आधी पोरं कुजबुजली, मग हसली, मग खडू उडाले, मग एकाने बाकावर उभं राहून गाणं म्हटलं. वीस मिनिटांत आवाज रस्त्यापर्यंत गेला. प्राचार्य धावत आले. सर मागून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बघा सर, हा कॅन्सर." प्राचार्यांनी आधी वर्गाकडे, मग सरांकडे बघितलं आणि म्हणाले, "दिसतोय."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग शालूचा गुडघा दुखायला लागला.

शालू देवरावभाऊंची मुलगी. आमच्याच कॉलेजात बारावी सायन्सला होती. खोखो अशी खेळायची की जिल्ह्याच्या सामन्यात समोरच्या पोरी तिला शिवायला धावायच्या आणि एकमेकींवर आदळायच्या. दसऱ्यानंतर ती लंगडायला लागली. भाऊ म्हणाले, मुरगळलंय, नदीपलीकडच्या चैतूबाबांचा पाला बांधून राह्यलो. चैतूबाबा हाडं बसवायचे. दिवाळीनंतर शालू एकदा डबा द्यायला प्रयोगशाळेत आली आणि दारातच भिंत धरून उभी राहिली. सरांनी गुडघ्याकडे बघितलं. वरच्या बाजूला सूज होती, एका बाजूला कललेली.

"किती दिवस झाले, देवराव?"

"महिनाभर जी. बाबाचा पाला चालू हाय."

सर त्या दिवशी काही शिकवू शकले नाहीत. संध्याकाळी मला बोलावलं. "चैतूबाबाचं गाव तुझ्या गावाशेजारी आहे ना? उद्या रविवार आहे, मला घेऊन चल. मला त्या माणसाशी भांडायचं आहे."

रविवारी आम्ही तिघं निघालो, सर, मी आणि ओढून आणलेले देवरावभाऊ. एसटीत सर सगळा वेळ भाषणाची तयारी करत होते. चैतूबाबांनी माझ्या वडिलांचा निसटलेला खांदा बसवला होता, त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाबा अंगणात बांबू फाडत बसले होते. सत्तरीचे, काळेसावळे, कानात बाळ्या.

"जोहार," ते म्हणाले.

सरांनी जोहाराला उत्तर दिलं आणि सुरू झाले. कुलूप निघालं, चाव्या निघाल्या, कंडक्टर, पानठेला, नाकेदार सगळे आले. वाढत्या वयात गुडघ्यापाशी हाडाच्या पेशी किती झपाट्याने दुभंगतात, तिथे नाकेदार गेला तर काय होतं, आणि अशा ठिकाणी चोळणं, बांधणं किती घातक. पंधरा मिनिटं बाबा हातातला बांबू खाली ठेवून शांतपणे ऐकत होते. सर थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "मास्तर, पाणी पेता?"

सर पाणी प्यायले. मग बाबा भाऊंकडे वळले. "काऊन देवराव, तू मास्तरले सांगतलं नाई?"

भाऊ खाली बघायला लागले.

"मी हात ठेवला होता पोरीच्या गुडघ्यावर," बाबा म्हणाले. "एकदाच. तेलबी लावलं नाई. मुरगळलेलं हाड चाललं का दुखते, बसलं का थांबते. इचं बसल्या जागी दुखे, झोपेतबी दुखे. आन् हात ठेवला त गरम. मी याले म्हणलं, हे माह्या हातचं नोहे. हे हाड वाढून राह्यलं. मोठ्या दवाखान्यात ने, फोटो काढ. तीन हप्ते झाले त्याले."

मग भाऊ हळूच म्हणाले, "फोटो काढला आन् त्यात कायी निघालं त, सर?" पाला ते स्वतःच तोडून आणून बांधत होते. बाबांचं नाव फक्त विचारणाऱ्यांसाठी होतं.

सरांनी कुलूप पिशवीत टाकलं. मला वाटलं आता भाऊंवर ओरडतील. पण ते बाबांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले, खिशातून वही काढली आणि म्हणाले, "बाबा, गरम म्हणजे कसं गरम? तापासारखं, की उन्हातल्या दगडासारखं?"

बाबांनी विचार केला. "अंड्यावरून कोंबडी उठते ना, तसं."

सरांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेचा फोटो काढला. मांडीच्या हाडाची गुडघ्याजवळची कड सरळ नव्हती, बोंडातून कापूस फुटावा तशी बाहेर फुटली होती. मग नागपूर, मग तुकडा काढून तपासणी. हाडाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, औषधं द्यावी लागतील आणि पाय गुडघ्याच्या वर काढावा लागेल, आणि लवकर.

भाऊ पोरीला घेऊन सरळ गावी परत आले. कामावर यायचे, बरण्या पुसायचे, बोलायचे नाहीत. सरांनी त्यांना रिकाम्या प्रयोगशाळेत बसवलं आणि पुन्हा सगळं समजावलं. मी तिथे बेडूक धूत होते. फळ्यावर चित्र काढलं, निरोप कुठून कुठे जातो, त्रेपन्न कुठे बसतो, तो गेल्यावर कुठले कुठले निरोप मोकाट सुटतात. तासभर. भाऊ सगळं लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सर, समदं समजलं. पण कुलूप बिघडलं त कुलूप बदलाचं ना जी. दरवाजा काऊन तोडाचा?"

सरांनी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं शिकवत होते, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"ते कुलूप बदलायला अजून कोणालाच येत नाही, देवराव," ते म्हणाले. "मला येत नाही. ज्यांना मी कार्डं लिहितो त्यांनाही येत नाही. सगळे शोधून राह्यले. आज फक्त दरवाजाच काढता येतो. तो काढला तर घर वाचू शकतं."

"वाचंलच ना जी?"

"वाचू शकतं. वाचेलच असं मी म्हणणार नाही."

भाऊ रडले. पण मला आजही वाटतं, नागपूरला परत जायला ते तयार झाले ते त्या फळ्यामुळे नाही, "मला येत नाही" या तीन शब्दांमुळे. चैतूबाबा सोडले तर डॉक्टरपासून पुजाऱ्यापर्यंत तोवर भेटलेल्या प्रत्येकाला सगळं येत होतं.

शालू मात्र तयार नव्हती. सर तिला भेटायला गेले, मला सोबत नेलं. ती खाटेवर बसली होती. तिने पायाबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, "सर, मी धावली म्हून झालं का?"

"कोण म्हणालं असं?"

"समदेच. चड्डी घालून खेळली, देवीच्या पाराच्या वरून उडी मारली, म्हून देवीनं पाय धरला म्हणते. आईबी तसंच म्हणते."

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. "शालू, तू वर्षभर या खाटेवर झोपून राहिली असतीस तरी झालं असतं. वाढत्या हाडात रोज कोट्यवधी वेळा नक्कल होते. एका ठिकाणी एक अक्षर चुकलं. ते तू चुकवलं नाहीस. आईने नाही, देवीनेही नाही. कोणाचाच गुन्हा नाही."

"हे तुमी आईले सांगा."

सरांनी ते शब्दशः घेतलं, आणि आईबरोबर सगळ्या गावाला सांगायचं ठरवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी लग्नमांडववाल्याकडून भोंगा आणला आणि देवीच्या पारावर उभे राहिले. धान चुरण्याचे दिवस, दुपारची वेळ, लोक खळ्यावरून भुशानं माखलेले आले. निम्म्यांना वाटलं उमेदवार आहे, निम्म्यांना वाटलं कुटुंबनियोजनवाले. दोन म्हातारे चिन्ह कोणतं ते विचारून गेले. सरांनी भोंग्यात फुंकर मारली आणि म्हणाले, "मंडळी, जंगलात नाका असते का नाई?"

असते, लोक म्हणाले.

"नाकेदार नसला त?"

याचं उत्तर सगळ्यांनी एकदम दिलं, आणि काही जणांनी तर तपशीलही दिला, कुठल्या वाटेनं, कुठली लाकडं. त्या भागाचा खरा नाकेदार त्याच गर्दीत मागे उभा होता. तो ओरडला, "सर, समदे नाकेदार तसे नसते हो!" खूप हशा झाला. सरांनी त्याची भोंग्यावरून जाहीर माफी मागितली आणि पुन्हा पेशीवर आले. वरून उन्हात त्यांची सफारी घामानं काळी झाली होती. कोणाला किती कळलं देव जाणे. पण एक आजी उठून म्हणाली, "म्हंजे पोरीनं कायी केलं नाई. तिच्या हाडातला नाकेदारच सस्पेंड झाला."

"बरोबर, आजी! सस्पेंड!"

"मंग देवीले काऊन मधात आणता रे?" आजीनं गावालाच दटावलं. शालूची आई पाराच्या कडेला बसली होती. तिने पदराने तोंड झाकून घेतलं. त्या दिवसानंतर मात्र त्या गावात शालूच्या उडीबद्दल कोणी बोललं नाही, आणि त्या खऱ्या नाकेदाराला पुढे कित्येक महिने लोक "काय भाऊ, हजर का?" विचारायचे.

पाय गेला. औषधं सुरू झाली, केस गेले, उलट्या झाल्या, परीक्षा बुडाली. सर परदेशी कार्डं थांबवून शालूला दवाखान्यात कार्डं लिहायला लागले. प्रत्येक कार्डावर पेशीचं एक नवं चित्र. आठवड्यातून एकदा तिचं उत्तर यायचं: "सर, मी बरी आहे. खोखोच्या पोरी जिंकल्या का ते लिहा."

चैतूबाबांना सर विसरले नव्हते. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या आधी त्यांनी बाबांना वर्गात आणलं, पाहुणे व्याख्याते म्हणून. फळ्यावर लिहिलं, 'हात लावून निदान'. बाबा खुर्चीवर बसायला तयार नव्हते, ते टेबलावर मांडी घालून बसले आणि गजाननचं मनगट हातात घेऊन म्हणाले, "हे लहानपणी मोडलं होतं. आंब्यावरून." गजानन कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा पूर्ण जागा झाला. पेरूवरून पडला होता, पण मोडलं होतं खरं. तेवढ्यात प्राचार्य आले.

"हे कोण?"

"माझे सहकारी," सर म्हणाले. "यांनी आजार माझ्या आधी ओळखला. मी भांडायला गेलो होतो."

प्राचार्य काहीतरी बोलणार होते. बाबांनी त्यांच्या खांद्याकडे बघून सहज विचारलं, "उजवा हात वर करता येते का जी पुरा?" प्राचार्यांना सहा महिने करता येत नव्हता. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, खुर्ची ओढून बसले.

शालूने पुढच्या मार्चमध्ये बारावीची परीक्षा दिली आणि पास झाली. तपासण्या चांगल्या येत होत्या. मी तेव्हा शेवटच्या वर्षात जाणार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी आम्हा सात-आठ जणांना निरोप धाडून बोलावलं. प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती. सर म्हणाले, ती खाली न्यायची. प्राचार्यांकडे त्यांनी आठ पानी अर्ज केला होता, विषय: 'प्रयोगशाळेचे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने स्थलांतर'. प्राचार्यांनी तिसऱ्या पानावरच सही केली. खाली बी.ए. पहिल्या वर्षाचा वर्ग भरायचा, तो वर जाणार आणि आम्ही खाली.

"काऊन पण, सर?" देवरावभाऊंनी विचारलं.

"वर गळतं," सर म्हणाले.

गळत नव्हतं. पण आम्ही पोरं समजलो आणि गप्प बसलो. दोन दिवस लागले. बरण्यांतले साप, मासे, दोन डोक्यांचं वासरू, सूक्ष्मदर्शकं, बाक, सरांची गोणपाटं. सांगाडा मी आणि गजाननने खुर्चीत बसवून उतरवला. जिन्यात ऑफिसच्या बाई वर येत होत्या, त्यांनी किंचाळून हातातल्या सगळ्या फायली खाली फेकल्या. सर स्वतः सगळ्यांत जड वस्तू उचलत होते आणि दर खेपेला जिन्याच्या पायऱ्या मोजत होते. एकवीस होत्या.

कॉलेज उघडलं त्या दिवशी सर आठ वाजताच येऊन खालच्या खोलीच्या दारात उभे होते. सफारीला इस्त्री होती, हे मी पहिल्यांदा बघितलं. उंबऱ्याशी त्यांनी एक तिरकी फळी ठोकून घेतली होती. शालू कुबडी टेकत आवारातून आली. केस परत आले होते, बॉबकट केल्यासारखे. ती दारापाशी थांबली, आत डोकावली, बरण्या बघितल्या.

"ये," सर म्हणाले. "पायरी नाही."

"सर, इथी त बी.ए.चा वर्ग होता ना जी?"

"होता. आता प्रयोगशाळा आहे. बीएस्सीची."

शालू जरा घुटमळली. "सर, मी आर्ट्सले नाव टाकलं."

"आर्ट्स?"

"हो जी. राग नका येऊ देऊ. हाडं आन् पेशी पुरे झाल्या मले. दोन वर्षं दुसरं कायी ऐकलंच नाई. आता इतिहास शिकाचा हाय. बी.ए.चा वर्ग कुठी गेला?"

देवरावभाऊंनी बोट वर केलं आणि वर करता करताच त्यांना कळलं, की वर 'गळत' का होतं. त्यांचं बोट तसंच राहिलं, तोंड उघडं. सरांनी चष्मा काढला. जिन्याकडे बघितलं, मग शालूकडे, मग मागे मांडलेल्या त्या दोन दिवसांच्या सगळ्या पसाऱ्याकडे. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, पण ते हसत होते, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आधी काही न कळून आणि मग कळून शालूही हसायला लागली. कुबडी भिंतीला टेकवून, भिंतीला धरून.

मग सरांनी इस्त्रीच्या सफारीच्या बाह्या दुमडल्या, दाराजवळचा बाक एका बाजूने धरला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "बघता काय? दुसरी बाजू धरा."